नव्याचे नऊ दिवस आणि दहा वर्षांचा हिशेब



कामगार संघटनेत ज्याचे आयुष्य गेले असा माणूस शस्त्रक्रियेच्या इतिहासावर बोलायला उभा राहिला, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, अशी शंकाही कोणाच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. मी डॉक्टर नाही. माझी शाळा नवव्या इयत्तेत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात, शब्दकोश शेजारी ठेवून. परंतु चळवळीत राहिल्याने माणसाला एक सवय लागते. 'ही नवी योजना तुमच्या हिताची आहे' असे कोणी सांगितले, की आम्ही तीन प्रश्न विचारतो. हित मोजले कशाने? किती काळ मोजले? आणि मोजणारा कोण होता? कारखान्याच्या फाटकावर विचारायचे हे प्रश्न शस्त्रक्रियेच्या दालनातही विचारले गेले आहेत. ते विचारणारे डॉक्टरच होते, आणि त्यांच्या उत्तरांनी कधी नव्याचा तोरा उतरवला, तर कधी जुन्याचा हट्ट मोडला. ती हकिगत आज सांगायची आहे.

त्यासाठी मी एक साधा, घरोघरचा आजार निवडला आहे: छातीत जळजळ आणि घशाशी येणारे आंबट पाणी. छाती आणि पोट यांच्यामध्ये मध्यपटल नावाचा स्नायूंचा पडदा असतो. त्या पडद्याला एक छिद्र आहे आणि त्यातून अन्ननलिका खाली जठरात उतरते. हे छिद्र सैल पडले की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो. याला डॉक्टर 'हायटस हर्निया' म्हणतात. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंचा जो आवळ असतो, तो ढिला पडला की जठरातले आम्ल उलटे वर चढते आणि नळीचे अस्तर भाजून काढते. या दोन गोष्टी पुष्कळदा जोडीने येतात, पण एक असली की दुसरी असतेच असे नाही. पाळी संपवून अवेळी जेवणारा आणि जेवल्याबरोबर आडवा होणारा कामगार ही जळजळ चांगली ओळखतो. बहुतेकांचे काम पथ्याने आणि गोळ्यांनी भागते. थोड्यांचे भागत नाही, आणि आपला इतिहास त्या थोड्यांचा आहे.

इंग्लंडात लीड्स येथे फिलिप ॲलिसन नावाचे शल्यविशारद होते. जठर छातीत सरकले आहे, तर ते खाली ओढावे आणि छिद्र शिवून लहान करावे, असा सरळ विचार त्यांनी १९५१ साली मांडला. विचार पटण्यासारखा होता आणि तो सर्वत्र पसरला. पण ॲलिसन यांचे मोठेपण त्या शस्त्रक्रियेत नाही. ते पुढे आहे. आपल्या रोग्यांचा त्यांनी वीस वर्षे माग ठेवला आणि १९७३ साली हिशेब छापला. निम्म्याच्या आसपास रोग्यांत दुखणे परत आले होते. ज्या शस्त्रक्रियेने नाव मिळाले, तिचा तोटा स्वतःच्या हाताने वहीत मांडायचा, हे सोपे नाही. मंडळी, ताळेबंदात तोटा लपवणारे पुष्कळ पाहिले. म्हणून या माणसाला नमस्कार करावासा वाटतो.

दुसरे नाव रुडॉल्फ निसेन यांचे. हे जर्मनीतले ज्यू. हिटलर सत्तेवर आला तेव्हा, १९३३ साली, त्यांनी देश सोडला आणि इस्तंबूलच्या विद्यापीठात काम धरले. तेथे एका तरुणाच्या अन्ननलिकेचा खालचा भाग कापून ती जठराला जोडताना, टाके उसवू नयेत म्हणून त्यांनी जठराच्या पदराने तो जोड वेढून घेतला. पुढे अनेक वर्षांनी असे दिसले, की या रोग्याला आम्ल वर येण्याचा त्रासच नाही. त्या निरीक्षणावरून, स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथे असताना, निसेन यांनी १९५५ साली मुद्दाम जळजळीच्या रोग्यावर असा वेढा घातला आणि १९५६ साली ती पद्धत प्रसिद्ध केली. जठराचा वरचा भाग मफलरासारखा अन्ननलिकेभोवती गुंडाळायचा, एवढेच ते. आज जगभर तिला निसेन यांचे नाव आहे. पण त्या काळी पोट उभे चिरावे लागे. जखम मोठी, वेदना मोठी, आणि पुढे चिरेच्या जागी नवाच हर्निया होण्याचे भय.

येथे दुर्बीण रंगमंचावर येते. जर्मनीत कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० साली दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढले, तेव्हा शल्यविशारदांनी त्यांची टवाळी केली. बोब्लिंगन गावच्या एरिख म्यूहे यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. पुढच्या वर्षी त्यांनी ते जर्मन शल्यसभेपुढे मांडले, तर तेथेही त्यांची उपेक्षा झाली. त्याच सभेने १९९२ साली त्यांचा गौरव केला. मधल्या सहा वर्षांत जग फिरले होते. १९८७ साली फ्रान्समध्ये लियाँच्या फिलिप मूरे यांनी तेच केले, आणि मग वणवा पेटावा तशी ही पद्धत पसरली. आपल्या मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढले. आणि १९९१ साली बेल्जियममधील लिएज येथील बर्नार दालमान्य यांनी निसेन यांचा वेढा दुर्बिणीतून घातल्याचे प्रसिद्ध केले. पोटात वायू भरून ते फुगवायचे, चार-पाच भोके पाडायची, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारे, आणि पडद्यावर बघत काम करायचे.

पाहा, सुरुवातीला टवाळी, मागून झुंबड. दोन्ही वेळा मोजदाद कोणी केली नव्हती! जुन्याने नव्याला नाकारले ते सवयीने, आणि नव्याने जुन्याला मागे सारले तेही बहुतांशी देखाव्याने. लहान जखम डोळ्यांना दिसते. आतला वेढा घट्ट बसला की सैल, हे दिसत नाही.

नुसत्या झुंबडीने काय होते, याचा दाखला याच आजारात आधीच घडला होता. १९७९ साली अमेरिकेत अँजेलचिक या नावाचे सिलिकोनचे एक कडे निघाले. अन्ननलिकेभोवती ते बांधले की झाले, शिवणकामच नको. हजारो लोकांच्या पोटात ते बसवले गेले. मग कोणाचे कडे जागेवरून सरकले, कोणाच्या नळीत रुतले, कोणाला घास उतरेना, आणि ती कडी काढण्यासाठी पुन्हा पोटे उघडावी लागली. वापर आधी आणि पारख मागून, असा हा उलटा व्यवहार होता.

मग खरी पारख कशी करावी? येथे चाचणी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. एकाच दुखण्याचे, सारख्या स्थितीतले रोगी घ्यायचे. कोणावर कोणता उपचार करायचा हे डॉक्टरने ठरवायचे नाही, रोग्यानेही नाही; ते चिठ्ठीने ठरवायचे. कारण डॉक्टरने निवड केली, तर धडधाकट माणसे नकळत नव्या पद्धतीकडे जातात आणि दुबळी जुन्याकडे. मग नव्याचा जय आधीच ठरलेला असतो. ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरील औषधाची चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली, ती या रीतीचा पाया मानली जाते. आपल्या देशातही तिचे थोर उदाहरण आहे. मद्रासच्या क्षयरोग केंद्राने १९५६ पासून गरीब वस्तीतल्या १९३ रोग्यांची अशीच विभागणी केली. काहींना आरोग्यधामात खाट आणि सकस आहार, काहींना स्वतःच्या दाटीच्या घरात औषध. १९५९ साली निकाल आला, की घरी औषध घेणारेही तितकेच बरे होतात. त्या निकालाने, खाट मिळत नाही म्हणून मरणाची वाट पाहणाऱ्या असंख्य गरिबांना औषधाचा दरवाजा उघडून दिला.

कोणी म्हणेल, माणसाच्या जिवाची सोडत काढता? मीही हा प्रश्न स्वतःला विचारला आहे. उत्तर असे, की ज्या वेळी दोन उपायांपैकी सरस कोणता हे प्रामाणिक डॉक्टरला खरोखर ठाऊक नसते, आणि रोग्याला सारे समजावून त्याची संमती घेतलेली असते, त्याच वेळी चिठ्ठी न्याय्य ठरते. ठाऊक नसताना ठाऊक असल्याचा आव आणून कापणे, हीही सोडतच आहे. फक्त तिचा निकाल कोणी लिहून ठेवत नाही.

शस्त्रक्रियेची चाचणी गोळीच्या चाचणीहून अवघड. गोळ्या सारख्या दिसणाऱ्या करता येतात. पोटावरची चीर लपवायची कशी? शेफील्ड या पोलाद-कामगारांच्या शहरात यावर एक युक्ती केली गेली. तेथे प्रश्न पित्ताशयाचा होता: दुर्बीण बरी की लहान चीर? दोनशे रोग्यांची विभागणी झाली आणि सर्वांच्या पोटावर सारख्याच पट्ट्या चिकटवण्यात आल्या. आपल्यावर काय झाले हे रोग्याला कळेना. १९९६ साली निकाल प्रसिद्ध झाला. रुग्णालयात राहण्याचे दिवस आणि कामावर परतण्याचा काळ यांत दुर्बिणीची सरशी दिसली नाही. म्हणजे 'दुर्बिणीने केले, आता लवकर उठा' असे सांगितले की माणूस लवकर उठतो, 'चीर आहे, जपा' म्हटले की जपतो. भावनेचा हा वाटा वेगळा काढल्यावाचून हत्याराचा वाटा कळत नाही.

आता आपल्या मूळ आजाराकडे येऊ. हॉलंडमध्ये १९९७ साली अकरा रुग्णालयांनी मिळून चाचणी सुरू केली: निसेनचा वेढा दुर्बिणीतून की पोट उघडून? रोगी सर्व असे, की गोळ्यांनी ज्यांचे भागले नव्हते. मध्यंतरी १०३ रोग्यांचा तीन महिन्यांचा हिशेब पाहिला गेला. दुर्बिणीच्या ५७ जणांपैकी ७ जणांना घास उतरत नव्हता. उघड्या शस्त्रक्रियेच्या ४६ जणांत असा एकही नव्हता. चाचणी तेथेच थांबवण्यात आली आणि २००० साली ही गोष्ट 'लॅन्सेट' या साप्ताहिकात उघडपणे छापली गेली. विचार करा. सारे जग दुर्बिणीच्या मागे धावत होते आणि एका लहान देशातल्या डॉक्टरांनी जाहीर सांगितले, की आमच्या हिशेबात नवे कमी पडले.

पण गोष्ट येथे संपत नाही. चाचणी थांबली तरी त्यांनी रोग्यांना सोडले नाही. आधी पाच वर्षांनी आणि मग दहा वर्षांनी त्यांना पुन्हा बोलावले. २००९ साली १४८ जणांचा हिशेब प्रसिद्ध झाला. जळजळीपासून सुटका दोन्ही गटांत सारखीच, दहांपैकी नऊ जणांना. परंतु पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली ती उघड्या गटात सुमारे ३५ टक्क्यांना आणि दुर्बिणीच्या गटात १५ टक्क्यांना. कारण मुख्यतः एकच: मोठ्या चिरेच्या जागी झालेला हर्निया. तीन महिन्यांच्या पंचाने जिला हरवले, तिला दहा वर्षांच्या पंचाने जिंकवले! दोन्ही पंच प्रामाणिक होते. फरक होता तो काळाचा. म्हणून म्हणतो, नव्याचे नऊ दिवस असतात हे खरे, पण नव्यावर पहिल्या नऊ दिवसांतच निकाल देऊ नये, हेही तितकेच खरे.

वेढा कसा घालावा यावरही वाद होते. जठराला प्लीहेकडून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आधी कापल्या तर वेढा सैल बसतो आणि घास अडत नाही, असे नामवंत शल्यविशारद ठासून सांगत. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या जेमिसन आणि वॉटसन यांनी १०२ रोग्यांवर चिठ्ठीने हा दावा तपासला. वाहिन्या कापल्या की नाही, हे रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि नंतर त्याची विचारपूस करणाऱ्यालाही नव्हते. १९९७ सालच्या अहवालात कापण्याचा फायदा दिसला नाही. वेळ मात्र जास्त लागत होता. दहा वर्षांनंतरही निकाल फिरला नाही. पूर्ण वेढ्याऐवजी अर्धामुर्धा घालण्याच्या पद्धती फ्रान्समध्ये दोर यांनी १९६२ साली आणि तुपे यांनी १९६३ साली सुचवल्या होत्या. त्यांनी घास कमी अडतो आणि पोटही कमी फुगते, हेही अशाच चाचण्यांतून पुढे आले. अधिकारवाणीने जे मिटले नाही, ते मोजणीने मिटले.

सर्वांत बोलका धडा जाळीचा आहे. छातीत बरेच जठर सरकले असेल, तर छिद्र शिवूनही ते पुन्हा उसवते. म्हणून शिवणीवर ठिगळ लावण्याची कल्पना निघाली. अमेरिकेत सिॲटलच्या ओल्श्लागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या आतड्यापासून बनवलेली जाळी १०८ रोग्यांत तपासली. सहा महिन्यांनी क्ष-किरणांत पाहिले, तर नुसत्या टाक्यांच्या गटात २४ टक्के हर्निया परतले होते, जाळीच्या गटात फक्त ९ टक्के. हा निकाल २००६ साली प्रसिद्ध झाला आणि जाळीचा बोलबाला झाला. त्याच डॉक्टरांनी सुमारे पाच वर्षांनी पुन्हा पाहिले. २०११ सालचे आकडे: टाके ५९ टक्के, जाळी ५४ टक्के. फरक विरून गेला होता. मात्र त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. क्ष-किरणांत हर्निया परतलेले पुष्कळ लोक सुखाने जेवत होते आणि फारच थोड्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली. फिल्मचे मत एक आणि माणसाचे मत दुसरे! हित कशाने मोजायचे, हा आपला पहिला प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. मला वाटते, ज्याचे पोट त्याची साक्ष आधी घ्यावी.

आता सर्वांत मोठा वाद: सुरी की गोळी? ओमेप्राझोलसारखी औषधे १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आली आणि आम्ल जवळजवळ बंद करण्याची सोय झाली. युरोपातल्या अकरा देशांत ५५४ रोग्यांवर चाचणी झाली आणि पाच वर्षांचा निकाल २०११ साली प्रसिद्ध झाला. आराम टिकला तो गोळीवर ९२ टक्क्यांचा आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर ८५ टक्क्यांचा. तपशिलात गेले की चित्र बदलते. आंबट पाणी वर येण्याचा त्रास गोळीवाल्यांत १३ टक्के, शस्त्रक्रियावाल्यांत २ टक्के. उलट घास अडण्याचा त्रास गोळीवाल्यांत ५, शस्त्रक्रियावाल्यांत ११. आता मोजणारा कोण, हा प्रश्न. या चाचणीचा खर्च ॲस्ट्राझेनेका या कंपनीने केला, आणि चाचणीतली गोळी त्याच कंपनीची होती. शिवाय गोळी ज्यांना आधी लागू पडली, त्यांनाच चाचणीत घेतले होते. याने निकाल खोटा ठरत नाही. तो कोणाला लागू आहे, एवढे मात्र ठरते. ब्रिटनमध्ये सरकारी पैशाने २१ रुग्णालयांत ३५७ रोग्यांवर दुसरी चाचणी झाली. पाच वर्षांनी, शस्त्रक्रियेची चिठ्ठी आलेल्यांपैकी ४४ टक्के गोळ्या घेत होते, औषधाच्या गटातले ८२ टक्के. सुरीने सर्वांच्या गोळ्या सुटत नाहीत, पण पुष्कळांच्या सुटतात.

आणि मग २०१९ सालची अमेरिकन चाचणी, माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली. गोळ्यांनी जळजळ थांबत नाही म्हणून ३६६ जण पाठवले गेले. शस्त्रक्रियेआधी त्यांची कसून तपासणी झाली. ४२ जण तर तीच गोळी दोन आठवडे नीट वेळेवर दिल्याने बरे वाटले म्हणून बाहेर पडले. ९९ जणांची जळजळ आम्लाची नव्हतीच. २३ जणांना अन्ननलिकेचा वेगळा आजार निघाला. काही अन्य कारणांनी गळले आणि शेवटी चिठ्ठीसाठी ७८ जण उरले. त्यांत मात्र सुरीचा विजय स्पष्ट होता: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ६७ टक्क्यांना गुण आला, जोडीला आणखी औषधे देऊन २८ टक्क्यांना, आणि त्या जादा औषधांच्या जागी नुसत्या दिखाऊ गोळ्या देऊन १२ टक्क्यांना. माझ्या मते या चाचणीचा खरा धडा त्या ६७ मध्ये जितका आहे, तितकाच ३६६ चे ७८ होण्यात आहे. योग्य माणसाला सुरी वरदान आहे. पण योग्य कोण, हे शोधण्याचा खटाटोप झाला नसता, तर ज्यांच्या जळजळीचा आम्लाशी संबंधच नव्हता तेही टेबलावर गेले असते.

मंडळी, हा इतिहास मी आपणांपुढे का मांडला? मजुरी करणाऱ्या माणसाचे पोट फाडले जाते तेव्हा नुसते कातडे कापले जात नाही. महिनाभराची रोजी जाते, कर्ज होते, ओझे उचलण्याचे काम सुटण्याची भीती असते. घास अडू लागला तर त्याच्या दुपारच्या भाकरीचा प्रश्न होतो. अशा माणसाला 'हे नवे आहे, भोकातून करतात, दोन दिवसांत घरी' एवढेच सांगणे पुरेसे नाही. कामगार आणि मालक यांच्या तंट्यात आम्ही लवाद मागतो, तो मालक दुष्ट असतो म्हणून नव्हे; कोणालाच स्वतःच्या दाव्याचा न्यायाधीश होता येत नाही म्हणून. चाचणी हा वैद्यकातला लवाद आहे. तो डॉक्टरविरुद्ध नाही. उत्तम डॉक्टरांनीच तो स्वतःवर बसवून घेतला आहे, आणि त्यासाठी हजारो अनोळखी रोग्यांनी आपले नशीब चिठ्ठीच्या हवाली केले आहे. आज आपल्याला जे कळते, ते त्यांच्या सहनशीलतेवर.

तेव्हा उद्या आपल्यावर किंवा घरच्या माणसावर अशी वेळ आली, तर नम्रपणे पण न बिचकता विचारावे: डॉक्टरसाहेब, माझी जळजळ आम्लाचीच आहे, हे तपासले का? गोळी मी ठरल्या रीतीने घेऊन पाहिली का? या पद्धतीचा पाच-दहा वर्षांचा अनुभव काय सांगतो? घास अडला तर पुढे काय? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही, कारण हे प्रश्न त्याच्याच विद्येने त्याला शिकवलेले आहेत.